पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक, मे २०१७: मतदार म्हणून माझा रिव्ह्यू

घाईत असाल तर मार्क आधीच देऊन टाकतो. निवडणूक लवकर घेतली याला पाचपैकी पाच, मतदान केंद्रावरच्या सोयीला साडेचार, चार मतांच्या प्रभागाला दोन, आणि ही नवीन महापालिका आपल्यासाठी नक्की काय करणार नि काय करू शकत नाही हे मतदाराला आधी सांगायचं जे काम होतं त्याला एक. ज्यांच्या गावातली नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत जाऊन महापालिका आलीये किंवा येणार आहे त्यांनी मात्र पूर्ण वाचा, मोठं झालंय पण उपयोगी पडेल.

आता एवढ्या वर्षांनी का, तर १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं आणि त्यात इचलकरंजी आणि जालना इथे महापालिका म्हणून पहिल्यांदाच मतदान होतं. जालन्यात आमचे नातेवाईक आहेत. मतदानाच्या आधी त्यांचे फोन यायचे की अरे चार चार बटणं कशाची दाबायची, महापौराचं बटण वेगळं असतं का, नगराध्यक्ष तर आपण थेट निवडायचो मग महापौर का नाही. हेच सगळे प्रश्न २०१७ मध्ये आमच्या कामोठ्यात, खारघरला, कळंबोलीत लोक एकमेकांना विचारत होते आणि तेव्हाही कुणाकडे नीट उत्तर नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांनी दुसऱ्या शहरात तोच गोंधळ तसाच. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकूया.

आधी पनवेलचं थोडक्यात, बाहेरच्यांसाठी. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. ती १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. पण फक्त पनवेल शहराची नाही झाली, तिच्यात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या वसाहती आल्या (खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा) आणि आजूबाजूची मिळून २९ गावं आली. एकूण क्षेत्र ११० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेने पाच लाखांच्या थोडी वर. आता हे तीन वेगवेगळे प्रकारचे लोक आहेत हे लक्षात घ्या. पनवेल शहरातल्या माणसाला नगरसेवक म्हणजे काय हे पणजोबांपासून माहिती. गावातल्या माणसाला सरपंच, सदस्य, ग्रामसभा माहिती, तो पेंधरचा असो की धानसरचा, त्याचं काम अडलं तर कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं हे त्याला ठाऊक होतं. आणि आम्ही वसाहतवाले, आमचं सगळं सिडको. रस्ता सिडको, पाणी सिडको, गटार सिडको, आणि सिडकोमध्ये मत द्यायचा प्रश्नच येत नाही कारण ते सरकारी महामंडळ आहे, तिथे आपण निवडून दिलेला कुणी नसतो. मग अर्ज करा, सह्या गोळा करा, बेलापूरला जा, सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि वाट बघा. त्यामुळे आमच्यासाठी ही निवडणूक फार मोठी गोष्ट होती. आमच्या बिल्डिंगमध्ये रिटायर्ड माणसं आहेत ज्यांनी आयुष्यभर लोकसभा विधानसभेला मत दिलं पण आपल्या दारातल्या रस्त्यासाठी जबाबदार माणूस निवडायची संधी त्यांना त्या वयात पहिल्यांदा मिळाली. मी हे भावनेच्या भरात लिहीत नाहीये, खरंच तेव्हा तशी हवा होती, लिफ्टमध्ये सुद्धा लोक प्रभागाबद्दल बोलत होते.

पहिला मुद्दा वेळेचा आणि इथे मी मार्क कापणार नाही. ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली आणि २४ मे २०१७ ला मतदान, २६ ला निकाल. आठ महिने सुद्धा नाही. तेवढ्यात प्रभाग पाडले, नकाशे काढले, आरक्षणाची सोडत झाली, हरकती सूचना झाल्या, मतदार याद्या प्रभागवार वाटल्या आणि मतदान झालं. तेव्हा आम्हाला हे नॉर्मल वाटलं होतं. पण आता बघा, इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, जालना २०२३ मध्ये, आणि दोघांना पहिलं मत द्यायला २०२६ उजाडलं. मधली सगळी वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात होता, प्रभाग किती आणि ते कुणी पाडायचे याचा घोळ होता, कारणं आहेत, पण लोकांच्या बाजूने बघितलं तर महापालिका झाली म्हणजे खर्च नवीन, कर नवीन, कारभार नवीन आणि त्यात आपण निवडून दिलेला एकही माणूस नाही, हे बरोबर नाही. आमच्या पनवेलवर पण नंतर तीच वेळ आली, पहिल्या नगरसेवकांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षं आम्हीसुद्धा प्रशासकाखालीच होतो. त्यामुळे ते आठ महिने आता फार मोलाचे वाटतात. नवीन महापालिकेची पहिली निवडणूक सहा-आठ महिन्यांत घेता येते, पनवेलमध्ये घेऊन दाखवलीये, हे कुणी अशक्य म्हणालं तर त्याला सांगा.

फक्त एक, २४ मे ही तारीख. मे महिन्याची सुट्टी, वसाहतीतली अर्धी कुटुंबं गावी. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला सांगलीला, कुणी जळगावला, आणि यूपी बिहारवाल्यांची तिकिटं तर महिने महिने आधी काढलेली असतात. त्या दिवशी पनवेलबरोबर भिवंडी आणि मालेगावचं पण मतदान होतं. आमच्याकडे मतदान निम्म्याहून थोडंच वर गेलं. पहिली निवडणूक, सव्वाचार लाखांच्या आसपास मतदार, आणि जवळपास निम्मे आलेच नाहीत. यात ऊन होतं, सुट्टी होती, आणि मला वाटतं खूप जणांना ही निवडणूक आपली वाटलीच नाही, त्याबद्दल खाली लिहितो.

आता मतदार यादी, कारण नवीन महापालिकेत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा भारत निवडणूक आयोग नाही. दोन्ही वेगळे आहेत. पण यादी मात्र विधानसभेचीच वापरतात. म्हणजे विधानसभेच्या यादीत एका ठराविक तारखेपर्यंत ज्यांची नावं आहेत तीच नावं प्रभागांमध्ये वाटून टाकतात, महापालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर नाव घालायला पळून काही उपयोग नाही, ते आधीच विधानसभेच्या यादीत हवं. आमच्या वसाहतीत भाड्याने राहणारे खूप, त्यातल्या बऱ्याच जणांचं नाव चेंबूरला किंवा गावाकडे, ते सगळे बाहेर राहिले. दुसरं म्हणजे प्रभागाची हद्द. यादीचे भाग प्रभागांत वाटताना सेक्टरच्या कडेला राहणाऱ्यांचं नाव पलीकडच्या प्रभागात जाऊ शकतं, म्हणून प्रारूप यादी लागते तेव्हाच बघायची आणि हरकत द्यायची, हरकतीसाठी दिवस थोडेच असतात आणि एकदा अंतिम यादी लागली की कुणी ऐकत नाही. नाव शोधायला आयोगाचं ट्रू व्होटर नावाचं ॲप होतं, मोबाईल येत असेल तर घरबसल्या नाव आणि केंद्र दोन्ही मिळायचं. ज्यांना ते जमत नव्हतं ते नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचे, तो एकही पैसा न घेता नाव काढून द्यायचा आणि कागदाच्या तुकड्यावर यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून द्यायचा, त्या माणसाला माझ्याकडून वेगळे पाच स्टार. आणि हे पण लक्षात ठेवा की मतदार कार्ड नसलं तरी चालतं, आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स असं फोटोवालं काहीतरी चालतं, पण यादीत नाव नसेल तर कार्ड असून सुद्धा परत यावं लागतं. हे उलटं समजणारे लोक मी दर निवडणुकीला बघतो.

मतदान केंद्र. इथे मनापासून कौतुक. मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, आम्ही लवकर गेलो उन्हाच्या आधी. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, तळमजल्यावर खोल्या. बाहेर उमेदवारांची माहिती लावलेली, म्हणजे शिक्षण काय, मालमत्ता किती, गुन्हे आहेत का, प्रतिज्ञापत्रात त्यांनी जे लिहून दिलंय त्याचा गोषवारा. त्या वर्षीच्या निवडणुकांना आयोगाने हे केंद्राबाहेर लावायला सांगितलं होतं आणि माझ्या मते ती सगळ्यात चांगली सुधारणा होती. लोक थांबून वाचत होते! रांगेत माझ्या पुढच्या काकू मोठ्याने वाचत होत्या आणि मागचे ऐकत होते. मला एवढंच वाटतं की ही माहिती मतदानाच्या आधी आठवडाभर प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डवर यायला हवी, दारात उभं राहून वाचलं तर विचार करायला वेळ कुठे मिळतो.

आत गेल्यावर नाव बघतात, सही, डाव्या हाताच्या बोटाला शाई, आणि मग मशीन. ज्यांनी फक्त लोकसभा विधानसभा केलीये त्यांना इथे पहिला धक्का. तिथे एक मत असतं, इथे आमच्या प्रभागात चार. जागा अ, ब, क, ड. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. प्रत्येक जागेसाठी एक बटण, असं चार वेळा, आणि चारही झाली की मग लांब बीप वाजतो. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर त्या जागेचं नोटा आहे, पण बटण चारही जागांचं दाबायचं. मी आत होतो तेव्हाच एक आजोबा एक बटण दाबून निघाले, आणि तिथल्या मॅडमनी किती शांतपणे सांगितलं, बाबा अजून तीन राहिलीत, घाई नाही, सावकाश दाबा. न ओरडता, न हसता. दिवसभर शेकडो लोकांना हेच सांगत असणार त्या. शाळेतल्या शिक्षिका असाव्यात, मे महिन्याची स्वतःची सुट्टी सोडून तिथे बसलेल्या. हे कर्मचारी आदल्या दिवशी साहित्य घेऊन येतात आणि मशीन जमा होईपर्यंत रात्र होते, त्यांच्याबद्दल कुणी चार शब्द लिहीत नाही.

अर्धा मार्क कापला तो एकाच गोष्टीसाठी, स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं. आपण कुणाला दिलं त्याची चिठ्ठी काचेमागे दिसते ना लोकसभेला, ते इथे नाही. त्या वर्षी देशभर ईव्हीएमवरून वाद चालू होता, माझा मशीनवर अविश्वास नाही, पण चार चार मतं देणाऱ्या माणसाला आपलं मत बरोबर जागी गेलं हे दिसलं असतं तर त्याचं समाधान झालं असतं. आणि मशीन चुकण्यापेक्षा माणूस रंगात चुकायची शक्यता इथे जास्त आहे, त्याला पण ती चिठ्ठी उपयोगी पडली असती.

आता चार मतांचा प्रभाग, ज्याला मी दोन मार्क दिलेत. दोन पण जास्तच वाटतात कधी कधी.

पनवेलमध्ये एकूण ७८ जागा आणि २० प्रभाग. १८ प्रभाग चार जागांचे आणि २ तीन जागांचे. पाच लाख लोकसंख्येला भागून बघा, एका प्रभागात पंचवीस-सव्वीस हजार लोक येतात. यातली निम्मी पदं महिलांना, ते राज्याच्या कायद्यातच आहे आणि ते चांगलंच आहे. पण या सव्वीस हजारांच्या प्रभागात चौघं निवडून येतात आणि चौघंही सगळ्या प्रभागाचे. म्हणजे माझ्या सेक्टरचा असा कुणीच नाही, सगळे सगळ्यांचे. आणि मग रस्त्यातला खड्डा कुणाचा, बंद पडलेला दिवा कुणाचा, कुणाला फोन करायचा. एकाला केला तर तो म्हणतो तो भाग ते दुसरे बघतात, दुसरा म्हणतो मी फंड दिलाय त्यांना विचारा. चौघे एकाच पक्षाचे असतील तर निदान एकमेकांत वाटून घेतात, दोन इकडचे दोन तिकडचे असतील तर विचारूच नका.

जुन्या महापालिकेत हे एक वेळ चालून जातं कारण लोकांना माणसं माहीत असतात, वीस वीस वर्षांचे नगरसेवक असतात, आडनाव घेतलं की घर सांगतात. आमच्याकडे पहिलीच निवडणूक. मतदाराला उमेदवार माहीत नाही, उमेदवाराला प्रभाग माहीत नाही, आणि एकदम चार माणसं निवडा. मग माणूस काय करतो, तो पक्षाचं चिन्ह बघतो आणि ओळीने चार बटणं दाबतो. प्रचार पण तसाच झाला, सगळीकडे पॅनल, पॅनल, एका पत्रकावर चार फोटो आणि वर मोठ्या नेत्याचा फोटो. दारावर येणारा कार्यकर्ता पण चौघांची नावं कागदात बघून सांगायचा.

निकाल बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. भाजप ५१, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) २३, काँग्रेस २, राष्ट्रवादी २. बेरीज करा. ७८. एकही अपक्ष नाही, एकाही रहिवासी संघटनेचा माणूस नाही. शिवसेना सुद्धा शून्य, मुंबईच्या एवढ्या जवळ असून. मी कुठल्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात लिहीत नाहीये, जिंकले ते मतांनीच जिंकले. रायगड म्हणजे शेकापचा लाल बावटा, याच पनवेलने दि. बा. पाटलांना पुन्हा पुन्हा आमदार केलं, रामशेठ ठाकूर पण शेकापच्या तिकिटावरच खासदार झाले होते, नंतर ते आणि त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर काँग्रेसमधून भाजपमध्ये आले आणि इथलं सगळं राजकारण फिरलं, त्यामुळे लढत भाजप आणि शेकापमध्येच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण वसाहतीत पाण्यासाठी, बससाठी, अतिक्रमणासाठी वर्षानुवर्षं झटणारी साधी माणसं आहेत, त्यांच्या सेक्टरमधली सहा-सात हजार वस्ती त्यांना नावाने ओळखते. एका जागेचा वॉर्ड असता तर त्यातला एखादा तरी निवडून येण्याचा चान्स होता. सव्वीस हजारांत एकट्याने फिरायचं, ते पण समोर चौघांचं पॅनल आणि त्यांचा खर्च असताना, कसं जमणार. नवीन महापालिकेत नवीन माणसं यायला हवी होती आणि दारच एवढं मोठं केलं की ते फक्त पक्षालाच उघडता यावं.

आणि हे प्रभागाचं गणित राज्यात दर वेळी बदलतं. २००२ ला तीन सदस्यांचे, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग २०१९ मध्ये परत एक ठरवलं, २०२१ मध्ये तीन, २०२२ मध्ये सरकार बदललं की परत चार. मुंबईत मात्र एकच, तिथे २२७ वॉर्ड आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक, मुंबईकराला माहीत असतं आपला नगरसेवक कोण. मग तो हक्क पनवेलच्या, जालन्याच्या माणसाला का नको? याच्या बाजूने सांगतात की मोठ्या प्रभागात विकास एकसंध होतो आणि एका वॉर्डात आरक्षण पडलं की बाकीच्यांची संधी जाते ते टळतं. दुसरा मुद्दा मला थोडा पटतो, म्हणूनच दोन मार्क ठेवले, नाहीतर एकच दिला असता.

महापौराचं पण सांगतो कारण तो फोनवरचा प्रश्न होता. नगरपरिषदेत नगराध्यक्ष लोक थेट निवडतात. महापालिका झाली की ते जातं. महापौर नगरसेवकांमधूनच होतो, नगरसेवकच निवडतात, आणि पद कुठल्या प्रवर्गाला ते सोडतीने ठरतं. पनवेलच्या पहिल्या महापौर डॉ. कविता चौतमोल झाल्या. आणि रोजचा कारभार, फाईल, सही, सगळं आयुक्ताच्या हातात, तो सरकार नेमतं. म्हणजे शहर मोठं झालं, दर्जा वाढला, पण नगरपरिषदेत शहराच्या प्रमुखाला थेट मत देता येतं ते महापालिकेत देता येत नाही. हे निवडणुकीच्या आधी एकाने तरी सभेत सांगितलं का? आमच्याकडे मी तरी ऐकलं नाही.

इथूनच शेवटचा मुद्दा येतो, एक मार्कवाला. या निवडणुकीत आम्हाला सगळं सांगितलं, केंद्र कुठे, वेळ काय, बटण कसं दाबायचं. पण तुम्ही निवडून दिलेला माणूस तुमच्या कुठल्या कामाला हात लावू शकतो हे नाही सांगितलं. महापालिका झाली म्हणून सिडको एका रात्रीत निघून गेली नव्हती. रस्ते, गटारं, कचरा, दिवे, उद्यानं हे सगळं सिडकोकडून महापालिकेकडे टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं, भांडत भांडत हस्तांतर झालं. पाणी तर बघा, पनवेल शहराला नगरपरिषदेच्या काळापासून स्वतःचं देहरंग धरण आहे, आणि वसाहतींचं पाणी सिडकोच्या हातात. म्हणजे कामोठ्यातल्या उमेदवाराने २०१७ च्या प्रचारात चोवीस तास पाणी म्हटलं, तर ज्या सभागृहासाठी तो उभा होता त्या सभागृहाच्या हातात ते नव्हतंच. लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, आणि पुढची पाच वर्षं नगरसेवकाला पाण्यासाठी शिव्या घातल्या. दोन्ही बाजूंनी अन्याय झाला असं माझं मत आहे.

करांचं पण तेच. निवडणुकीत मालमत्ता कराचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. मग २०२१ च्या सुमाराला वसाहतींमध्ये बिलं आली ती १ ऑक्टोबर २०१६ पासूनची, म्हणजे महापालिका स्थापन झाली त्या दिवसापासूनची थकबाकी धरून. त्याच काळातलं सिडकोचं सेवा शुल्क लोकांनी भरलेलं होतं, त्यामुळे एकाच सोयीचे दोनदा पैसे का म्हणून आंदोलनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. कर भरायला माझा विरोध नाही, शहर चालवायचं तर पैसा लागतोच. पण पहिल्या निवडणुकीत लोकांसमोर हा आकडा ठेवून, एवढा कर लागेल, अमुक तारखेपासून लागेल, त्यात हे मिळेल, असं बोलणं झालं असतं तर मत देताना माणूस वेगळा विचार करून गेला असता. नवीन महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत याच्यापेक्षा महत्त्वाचा विषय कुठला होता?

गावांचा विषय थोडा वेगळा आहे आणि मी गावातला नाही म्हणून जपून लिहितो. त्यांची ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली. रोहिंजण, धानसर, ओवे पेठ, तिथल्या माणसाला आधी सातआठशे ते हजार मतांत सदस्य मिळायचा, आता तो सव्वीस हजारांच्या प्रभागात एका कोपऱ्यात. शेजारच्या टॉवरवाल्यांची मतं एवढी की गावाची मतं त्यात बुडून जातात. कामोठे गावातला माझा एक मित्र त्या दिवशी मतदान करून आल्यावर म्हणाला, आमचा माणूस उभा होता रे, पण फक्त आमच्या गावाच्या मतांवर तो आता येणार नाही. तो निकालाच्या आधी बोललेला. गावांना महापालिकेत घ्यायचं असेल तर निदान पहिल्या निवडणुकीत तरी त्यांचे वॉर्ड छोटे ठेवा, एवढी सोय करता आली असती.

आता जालना इचलकरंजीवाल्यांसाठी आणि उद्या ज्यांच्याकडे महापालिका होईल त्यांच्यासाठी. तुमचं मतदान झालंय, नगरसेवक आलेत, तर पहिलं काम म्हणजे तुमच्या प्रभागाचे चौघं कोण आहेत त्यांची नावं एका कागदावर लिहून सोसायटीच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर टाका, आणि चौघांना एकत्र बोलावून विचारा की तुमच्यात कुठला भाग कुणाकडे, रस्ता कुणाकडे, पाणी कुणाकडे. लेखी द्यायला सांगा. आम्ही हे उशिरा केलं पण केल्यावर फरक पडला, फोन टोलवणं कमी झालं. दुसरं, प्रभाग समिती कुठे बसते ते शोधा. पनवेलमध्ये चार आहेत, खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल, आणि आपलं रोजचं काम मुख्यालयात कमी आणि तिथे जास्त होतं. तिसरं, अंदाजपत्रक मागा, ते कुणाच्या मालकीचं नाही, आणि त्यात आपल्या प्रभागाचं नाव किती वेळा आलंय ते मोजा.

आणि ज्यांची पहिली निवडणूक अजून व्हायचीये त्यांनी उमेदवार दारात आला की पाण्याचं आश्वासन घ्यायच्या आधी एवढंच विचारा, साहेब हे पाणी महापालिकेकडे आलंय का, नसेल तर कधी येणार आणि त्याचा ठराव कोण मांडणार. आमच्याकडे २०२६ ला बऱ्याच घरांत हाच प्रश्न विचारला गेला आणि काही उमेदवार चक्क वही काढून उत्तर लिहून घेत होते.